सरकारकडे पडून असलेलं बक्षीस

मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात लॉफ्ट आवरायचा मुहूर्त पंधरा वर्षांनी लागला, तोही इन्सुलेशनवाला येणार म्हणून. तिथे माझी एक जुनी फाइल सापडली आणि तिच्यात एक सरकारी बाँड. लग्नाआधी दोन वर्षं मी बर्मिंगहॅमला एका बँकेत प्रोग्रॅमर होते, तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेला. हे बाँड मोठे मजेशीर असतात. व्याज नाही, दर महिन्याला सोडत निघते, नंबर लागला तर बक्षीस, नाही लागला तरी मुद्दल सरकारकडे सुखरूप. लॉटरी तर खेळायची पण पैसे मात्र घालवायचे नाहीत, ही सोय कुणीतरी मराठी मध्यमवर्गाला विचारूनच काढली असावी.

मुलीने बाँडचा नंबर वेबसाइटवर टाकला आणि किंचाळली, "आई, तुझा प्राइझ आहे! अनक्लेम्ड! पण किती ते क्लेम केल्यावरच सांगणार."

बक्षिसाचं पत्र बर्मिंगहॅमच्या त्या भाड्याच्या खोलीवर गेलं असणार, आणि मी तोवर लग्न करून मोकळी झालेली.

"किमान दहा हजार पाउंड," नवऱ्याने जाहीर केलं. "किरकोळ रकमेसाठी सरकार इतकी गुप्तता पाळत नाही." संध्याकाळपर्यंत त्यांनी किचनच्या नव्या वर्कटॉपचा रंगही ठरवून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, या नंबरवर असं कुणीच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. बाँड माझ्या माहेरच्या नावावर होता, आणि माझं आडनावच नव्हे, पहिलं नावही लग्नात बदललं होतं. आमच्यात तशी पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. मला कुणी विचारलं नाही. असं विचारायचं असतं, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

"हाऊ लव्हली," बाई म्हणाल्या. "आणि त्याचं काही डॉक्युमेंट?"

"तांदूळ होते," मी म्हटलं. "राइस. इन अ प्लेट."

मग अतिशय अदबीने, "अँड डू यू स्टिल हॅव द प्लेट?"

लग्नाचा दाखला होता, पण सासरे भलतेच तत्पर, त्यांनी त्यावर थेट नवं नावच घालून घेतलं होतं. दोन नावांना जोडणारा कागद घरात एकही नव्हता. शेवटी बाईंनी एक फॉर्म पाठवला. वकिलासमोर शपथेवर सही करायची, की त्यांच्या रेकॉर्डवरचं जुनं नाव निघून नवं लागेल आणि बक्षीस खात्यात जमा.

फॉर्म अर्ध्या पानाचा. त्यात एक वाक्य होतं, की मी माझं पूर्वीचं नाव कायमचं सोडून देत आहे. तिथे माझं घोडं अडलं. नाव बाबांनी ठेवलेलं. आई-बाबा आता नाहीत, भाऊ ताई म्हणतो. त्या नावाने मला ओळखणारं जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे ब्रिटिश सरकार.

"वकिलाची अपॉइंटमेंट घेऊ ना?" नवऱ्याने विचारलं.

"नको. सही केली की ती मुलगी कागदावरूनही जाईल."

"कोण मुलगी?"

"अहो, मी!"

"पण तू तर इथे आहेस."

मग मात्र माझा पारा चढला. पंचवीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. साखरपुड्यानंतर चार महिने तुम्ही बर्मिंगहॅमला त्याच नावाने फोन करत होतात, म्हटलं, आणि नंतर एकदा तरी, चुकून तरी ते नाव तुमच्या तोंडून आलं का? विसरलात! सगळे विसरलात! मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, तू तिला विचारला पण नाही? दॅट्स सो बॅड." नवरा खाली गेला. मी फॉर्म घेऊन बेडरूममध्ये बसून राहिले.

थोड्या वेळाने खालून नवऱ्याचा आवाज आला. कुणाला तरी हाक मारत होते. पुण्याला व्हिडिओ कॉल लावला असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पुन्हा हाक आली. मग तिसरी, चांगली मोठ्याने.

मुलगी दारात आली. "आई, बाबा तुला बोलावतो."

मला? मग कळलं. माझंच नाव होतं ते. घरभर आरडाओरडा करून घेतला होता मी, आणि तीन हाका झाल्या तरी मला माझं नाव कळलं नव्हतं. भयंकर रडू आलं, आणि राग आता माझा मलाच आला.

डोळे पुसून जिन्यापाशी आले. नवरा खाली कप घेऊन उभा होता.

"चहा झालाय."

"पुन्हा मारा हाक."

"अगं, आलीस की तू. गार होतोय चहा."

"होऊ दे. मारा."