सगळ्या जागांचा कोंडवानी

कोंडवानी ट्रेनिंगला आला की आधी आमच्या क्लबच्या लाँड्रीच्या खोलीत डोकावायचा आणि विचारायचा, “आज कोण आजारी आहे?” नव्या माणसाला वाटावं, हा डॉक्टर असेल. पण त्याचा प्रश्न पोटापाण्याचा होता. लेफ्ट बॅकला ताप आला असेल तर शनिवारी हा लेफ्ट बॅक. स्ट्रायकरचा घोटा सुजला असेल तर हा स्ट्रायकर. “सगळे ठणठणीत असले की मी बाकावर,” तो म्हणायचा. “माझी जागा म्हणजे दुसऱ्याचा ताप.”

आमच्या लीगमध्ये शर्टांवर नावं नसतात. शनिवारी सकाळी मॅनेजरची यादी आली की किट सांभाळणारा म्हातारा ग्लिन आणि मी ड्रेसिंग रूममध्ये हुकांवर शर्ट लावायचो. बाकीच्यांचे नंबर सहसा ठरलेले. कोंडवानीचा हुक तेवढा ठरलेला, दारापाशीचा. नंबर दर शनिवारी वेगळा. कधी दोन, कधी अकरा, कधी सहा. तो यायचा, नंबर बघायचा, “बरं, आज मी हा,” म्हणायचा आणि शर्ट चढवायचा. कुरकुर केलेली मी ऐकली नाही. मोजे मात्र धुवायला टाकताना सरळ करून टाकायचा. अख्ख्या टीममध्ये असं करणारा तो एकटाच.

मी कार्डिफला आलो तो बायकोच्या, सुजाताच्या मागोमाग. ती नर्स, मी तिच्या व्हिसावरचा डिपेंडंट. नववीत शाळा सोडली होती आणि कोल्हापुरात थोरल्या भावाच्या लाँड्रीत इस्त्रीला उभा राहिलो होतो, तेवढंच शिक्षण. इथे एजन्सीने मला क्लबचं स्टँड झाडायला पाठवलं. पहिल्याच आठवड्यात एक उंच काळा माणूस पायऱ्यांवर बसून शर्टावरचा गवताचा डाग नखाने खरवडताना दिसला. इंग्रजी नीट येत नव्हतं, म्हणून मी शर्ट त्याच्या हातातून घेतला, नळाखाली धरला, आधी साबण, मग थंड पाणी, घासायचं नाही, असं करून दाखवलं. डाग गेला. त्याने मला दंडाला धरून थेट ग्लिनपुढे उभं केलं. “हा माणूस डाग ओळखतो.”

ग्लिनने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “ओळखतोस का रे, बट?” तिकडच्या खोऱ्यातली माणसं दोस्ताला बट म्हणतात. मी म्हणालो, “थँक्यू.” सोमवारपासून मी लाँड्रीत.

तेव्हापासून मी कोंडवानीचा ‘अचिम्वेने’ झालो. त्यांच्या भाषेत भाऊ. डॉक्टरकडे नाव नोंदवायला जायचं तर मला धडकी भरायची; तो सोबत यायचा, खुर्चीवर बसून राहायचा, पण बोलायचा नाही. “तू बोल. मी फक्त उंच दिसायला आलोय.” मी काउंटरवरच्या बाईला थँक्यू म्हणायचो, दार उघडून धरणाऱ्याला म्हणायचो, बसमधून उतरताना ड्रायव्हरला दोनदा म्हणायचो. तो हसायचा. “अचिम्वेने, इतके थँक्यू म्हणू नकोस. लोकांना वाटेल, तू काहीतरी चोरलंयस.”

तो मलावीचा, ब्लँटायर शहराच्या कडेच्या वस्तीतला. वयाने लहान म्हणून पोरांनी त्याला गोलात उभं केलं. शाळेच्या विंगरला मलेरिया झाला म्हणून हा विंगर झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्लबने स्ट्रायकर म्हणून नेलं, तिथे डिफेन्सचा माणूस सोडून गेला म्हणून त्याला मागे खेचलं. मग नॉर्वेत दोन हिवाळे, मग इंग्लंडातले खालच्या डिव्हिजनचे तीन क्लब, मग वेल्समधला आमचा. देशाकडूनही खेळला, सगळ्या जागांवर. एकदा गोलकीपरला रेड कार्ड मिळालं आणि बदली खेळाडू संपले होते, तेव्हा कीपरचेच ग्लव्ह्ज चढवून हा शेवटची वीस मिनिटं गोलात उभा राहिला, एकही गोल होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो गोल मारणाऱ्याचा.

“एजंट मला विचारायचा, तुला काय म्हणून विकू?” तो एकदा टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाला. “लेफ्ट बॅक पाहिजे असला की लोक लेफ्ट बॅक विकत घेतात. सगळं येणारा माणूस लोक उसना घेतात.” सहा वेळा तो असा उसना गेला होता.

मी त्याला कोल्हापूरचं सांगायचो. आमच्याकडे पेठापेठांच्या टीम आहेत, हरलं की त्या रात्री गल्लीत कुणी जेवत नाही, आणि आता तर नायजेरियाहून खेळाडू आणतात, पोरं त्यांना घरी नेऊन तांबडा रस्सा पाजतात, असं सगळं. त्याला ते भारी आवडायचं. “मला आधी का नाही सांगितलंस? तिथे मला एकच जागा दिली असती का?” मी म्हणायचो, “भावा, तिथे तुला गल्लीच दिली असती.”

गेल्या वर्षाच्या आधीच्या मोसमात तो पस्तिशीला आला. करारात एक अट होती: पंचवीस सामन्यांत उतरला तर पुढचं वर्ष आपोआप मिळणार. त्या एका वर्षात त्याचा कोचिंगचा कोर्स पुरा होणार होता आणि नंतर सोळा वर्षांखालच्या मुलांची टीम त्याच्याकडे द्यायचं क्लबने कबूल केलं होतं. हे तो मला महिन्यातून दोनदा तरी सांगायचा. “मग मला कुणाच्या आजारपणाची वाट बघायला नको.” त्याची बायको ग्रेस एका शाळेच्या किचनमध्ये कामाला, दोन मुली शाळेत. चार घरं आणि चार देश बदलून त्यांना शेवटी एक पत्ता मिळणार होता.

चोविसाव्या सामन्यात, अगदी शेवटाला, कॉर्नरवर त्याचं डोकं दुसऱ्या एकाच्या डोक्यावर आपटलं. तो लगेच उठला, अंगठा दाखवला. सामना संपला, पोरं निघून गेली. मी टोपली घेऊन लाँड्रीत आलो तर हा मळक्या टॉवेलांच्या ढिगावर बसलेला, दिवा बंद. एका टॉवेलात ओकला होता.

“मेगनला बोलावतो,” मी म्हणालो. मेगन आमची फिजिओ.

त्याने माझं मनगट धरलं. “डोक्याला लागलं असं तिने एकदा लिहिलं की मी दोन आठवडे बाहेर. मोसमाचा एकच सामना उरलाय, अचिम्वेने.”

“मग सुजाताला नुसतं विचारतो.”

“नको. कुणालाच नको. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?”

नव्हतं मागितलं. मागत आलो होतो तो मीच. तो टॉवेल मी वेगळा काढला, गरम पाण्यात धुतला. संध्याकाळी सुजाता माझ्यासमोर चपात्या लाटत होती आणि मी शेकत होतो. मी काही बोललो नाही. आठवडाभर कोंडवानीने मांडी आखडल्याचं सांगून ट्रेनिंग हलकं केलं. मी मनात म्हणालो, बरा दिसतोय.

शनिवारी त्याला आठ नंबर होता, म्हणजे मधली जागा. पहिली वीस मिनिटं ठीक खेळला. मग मी बघतो तर हा डावीकडे पार मागे, लेफ्ट बॅकच्या जागी उभा. तिथे आमचा लेफ्ट बॅक होता, धडधाकट. तो पोरगा याच्याकडे बघून खांदे उडवत होता. थोड्या वेळाने हा पुढे, स्ट्रायकरच्या शेजारी. माझ्यामागे बसलेले एक आजोबा नातवाला म्हणाले, “बघ, कोंडवानी भोकं बुजवतोय. असा माणूस दुसरा नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनेही वाजवल्या. दुसरा कुणी असा भरकटला असता तर त्याला शिव्या बसल्या असत्या, आणि शिव्या देता देता कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. कोंडवानीला सगळ्याच जागा येत होत्या, म्हणून तो हरवलाय हे कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

मध्यंतरात तो आत आला आणि आपल्या हुकाखाली न बसता समोर गोलकीपरच्या जागेवर बसला. मी पाण्याची बाटली दिली. तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मग त्याने खालच्या आवाजात, इंग्रजीत विचारलं, “माझा नंबर काय आहे?” शर्ट त्याच्या अंगात होता. मेगन दहा पावलांवर एकाच्या घोट्याला पट्टी गुंडाळत होती.

मी म्हणालो, “आठ.”

एवढंच बोललो. आणि यातलं सगळ्यात वाईट मला फार उशिरा कळलं. तो मैदानात उतरला त्याच क्षणी त्याचा पंचविसावा सामना मोजला गेला होता. मध्यंतरात मी मेगनला हाक मारली असती तरी त्याचं काही जाणार नव्हतं. ते मला सुचलंच नाही. मला सुचलं ते असं, की हाक मारली तर सगळे विचारतील, तुला कधीपासून माहीत होतं? मग माझं काम जाईल. त्याला दिलेल्या शब्दासाठी मी गप्प बसलो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण त्या दहा पावलांत शब्दबिब्द काही नव्हतं. नुसती भीती होती.

दुसऱ्या हाफमध्ये त्याला कुणी धडकलंसुद्धा नाही. वरून चेंडू आला, त्याने डोक्याने परतवला आणि गवतात काही पडलेलं शोधावं तसा गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला. मेंदूत रक्त साकळलं होतं, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. योगायोगाने सुजाता त्याच हॉस्पिटलमध्ये, दुसऱ्या वॉर्डात. ब्रेक मिळाला की ती त्याच्या खाटेपाशी जाऊन यायची.

तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली आणि कोटही न काढता खुर्चीत बसली. “डॉक्टर म्हणाले, आधीचाही मार होता. आठवडाभर आधीचा. ग्रेस सारखी तेच बोलतीये. आठवडाभर माझ्याशेजारी झोपत होता, मला कसं कळलं नाही, मी त्याला आळशी म्हणाले, सामान उचलायला लावलं. ती बाई स्वतःला खाऊन टाकतीये.”

तेव्हा मी सुजाताला सांगितलं. सगळं.

तिने कोट काढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, “अहो, मी तुमच्यासमोर चपात्या लाटत होते.”

“काम गेलं असतं माझं.”

“माझं होतं ना. एक शब्द टाकायचा होता. डोकं दुखतंय कुणाचं तरी, एवढं म्हणाला असतात तरी मी विचारलं असतं.” आणि थोड्या वेळाने, “ग्रेसला सांगा. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.”

क्लबने करार पाळला. पुढच्या वर्षाचं पत्र आलं, नावानिशी. पण कोंडवानीला ते वाचता येत नव्हतं. दोन ओळींनंतर अक्षरं पोहायला लागतात, म्हणायचा. उजेड सोसायचा नाही. कोर्सची पुस्तकं त्याची थोरली मुलगी परत देऊन आली. कधी कधी तो लाँड्रीत येऊन बसायचा आणि यंत्राच्या काचेतून फिरणारे कपडे बघायचा. एकदा म्हणाला, “अचिम्वेने, मी चांगला खेळायचो ना?” मी म्हणालो, सगळीकडे चांगला खेळायचास. तो म्हणाला, “मला एकही जागा आठवत नाही. धावत होतो एवढं आठवतं.” मी यंत्रात साबण ओतत राहिलो. त्या अख्ख्या वर्षात मी ग्रेसला चार वेळा एकटं गाठलं आणि चारही वेळा हवापाण्याचं बोललो.

वर्ष संपलं तसं ग्रेसने ब्लँटायरला परत जायचं ठरवलं. तिथे तिची आई आहे, भाऊ आहेत, याला एकटं सोडावं लागणार नाही. सकाळी कार्डिफहून विमानतळाची बस होती. सुजाता ड्यूटीवर होती, निघताना दारातूनच म्हणाली, “आज सांगा. परत भेटायची नाही ती.” मी चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून नेली. मुली खिडकीजवळच्या जागा धरून बसल्या होत्या. ड्रायव्हर पेट्या आत ढकलत होता. ग्रेस माझ्याजवळ उभी राहून कोंडवानीच्या कोटाची बटणं लावत होती.

“अजून रोज मनात येतं,” ती म्हणाली. “त्या आठवड्यात मी त्याला आळशी म्हणाले होते.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात कोंडवानीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हल्ली तो शब्द एकेक वेचून बोलतो. “ग्रेस, हा चांगला माणूस आहे. मी याला एक गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हणालो होतो. याने कुणालाच सांगितली नाही.”

“कुठली गोष्ट?”

तो आठवत राहिला. कपाळावरची शिवण आक्रसली. मग हसला. “नाही आठवत. याला विचार.”

ग्रेस माझ्याकडे वळली. नवऱ्याच्या विसराळूपणाला हसतात तशी हसत होती. “काय होतं, अचिम्वेने?”

मी म्हणालो, “तुझ्या वाढदिवसाचं होतं. सरप्राइज.”

तिने तोंडावर हात ठेवला. मग नवऱ्याच्या गालावर ओठ टेकले आणि मला मिठी मारून म्हणाली, “थँक्यू.” बस वळेपर्यंत ती काचेतून हात हलवत होती.

फोन वाजला. सुजाताचा मेसेज होता. “सांगितलंत?”

मी “हो” लिहिलं.