कासवावर पाय

भजनी मंडळातल्या सगळ्या जणींना नमस्कार. आज दुपारी मी डोळ्यांवर बांधायचा तो गेमचा चष्मा लावून पाहिला. माझ्या सुनेला, रेवाला, तिच्या मैत्रिणीने आठवडाभरासाठी दिलाय. फुकट होता, म्हणून मी हो म्हटलं.

रेवा म्हणाली, "आई, पहिला टप्पा पार केलात तर एकादशीला मी तुमच्याबरोबर भजनाला येईन. पक्की शर्त!"

दोन वर्षं मी तिला बोलावतेय.

आत जुन्या टीव्ही गेमसारखं चौकोनी ठोकळ्यांचं जग होतं. एका फळीवरून दुसरीवर उड्या मारायच्या, कारण थोडं थांबलं की फळी खाली पडते. तीनपैकी दोन जीव लगेच गेले. तिसऱ्यात मात्र मी झेंड्याजवळ पोचले. मध्ये फक्त पाणी होतं, आणि पाण्यात एक कासव.

"आई, जल्दी! कासवाच्या पाठीवर कूदा ना!" मला दिसतं ते मोबाईलवर बघत रेवा ओरडली.

देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला मी जन्मभर वळसा घालून गेलेय.

"अहो, ते खोटं आहे!"

"कासव खोटं असेल, पाय तर माझा आहे," मी म्हटलं, आणि आधी नमस्कार करावा म्हणून वाकले. तेवढ्यात फळी पाण्यात गेली. खेळ खलास.

मग रेवाने चष्मा लावला आणि कासवावर पाय ठेवून सटकन पार झाली.

तर एकादशीला मी एकटीच येतेय. पण खरं सांगा, तुमचा पाय पडला असता का?