सीटवाल्याच्या हातचे पॅड

आमचे हे गाड्यांच्या सीटा शिवतात. बस, टेम्पो, कुणाची जुनी मोटार, येईल ते. बसणाऱ्याला धक्का लागता कामा नये, हा यांचा एकच धर्म. सीट झाली की स्वतः तिच्यावर बसतात, डोळे मिटतात, वरखाली हलून बघतात आणि कुठे जरा टोचलं तर सगळं उसवून पुन्हा भरतात. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत उभं! काम एवढं चोख, तरी हातातोंडाची गाठ पडते, त्यापलीकडे काही नाही.

घरातही तेच. एक खुर्ची कडक ठेवलेली नाही. शिलाईमशीनच्या स्टुलालासुद्धा गादी. एकदा मी म्हटलं, "अहो, उद्या मलाही फोम भराल." तर म्हणतात, "जिभेला भरायचा विचार आहे." ऐका आता!

अशा माणसाच्या पोटी पोरगी जन्मली ती हॉकीतली गोलकीपर. दगडासारखा तो चेंडू; लोक त्याच्यापासून पळतात आणि ही मुद्दाम आडवी जाते. शाळेचे पॅड मोठ्या मुलींच्या मापाचे. ते बांधून चालली की पलंग चालल्यासारखा दिसायचा. म्हणून पॅड न बांधताच गोलमध्ये उभी राहायची आणि नडग्या काळ्यानिळ्या करून घरी यायची. शेवटी खेळाच्या बाईंनी निक्षून सांगितलं, "मापाचे पॅड आण. रविवारी निवडीचा सामना आहे. पॅड नसतील तर गोलमध्ये दुसरी उभी राहील."

दुकानातले पॅड आमच्या आवाक्याबाहेरचे. पोरीलाही ते माहीत होतं, म्हणून तिने मागितले नाहीत. फक्त ताटावरून अर्धपोटी उठली. हे तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "चल आपल्या दुकानात."

कापायच्या टेबलावर तिला उभं केलं आणि घोट्यापासून मांडीपर्यंत मापं घेतली. बसच्या सीटमधला उरलेला फोम, निळं रेक्झीन, कडेने पांढरी पायपिंग, मागे जुन्या सीटबेल्टचे पट्टे. काय देखणे झाले होते म्हणून सांगू, दृष्ट लागावी! पोरगी ते घालून घरभर नाचली.

दुसऱ्या दिवशी सरावाहून आली ती पॅड काखेत मारून.

"बाबा, लागत नाही अजिबात," ती म्हणाली. "पण चेंडू उडतच नाही हो. पायावर आपटतो आणि तिथेच पडतो. समोरची येते आणि हळूच ढकलते, की गोल." मैत्रिणी म्हणाल्या होत्या, चेंडूला बसायला हिने सीट आणलीय.

मला हसूच फुटलं. पण यांचा चेहरा बघितला आणि गिळलं. जन्मभर ज्याच्यासाठी हाताला घट्टे पाडून घेतले, नेमकं तेच नडलं होतं. चेंडू उडायचा तर पॅड कडक हवा.

"कडक केला तर लागेल ना हिला," हे म्हणाले, तेही माझ्याकडे बघून.

"लागू दे की!" पोरगी म्हणाली. "मी काय लोण्याची आहे?"

इकडे आड, तिकडे विहीर. मऊ ठेवावा तर पोरीची जागा जाते, कडक करावा तर यांचा जीव जातो. बराच वेळ नुसते फोम चिमटीत दाबत बसले. मग उठले आणि चपला शिवणाऱ्या दोस्ताकडून तळव्याचं घट्ट रबर मागून आणलं. बाहेरून रबर, आत फोमचा पातळ थर. पॅड स्वतःच्या पायांना बांधले आणि स्टिक दिली माझ्या हातात.

"हाण पायावर."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?"

"हाण म्हणतो ना!"

आता नवऱ्याने आपण होऊन मागितलेला मार कोण सोडतं? संसारातलं सगळं आठवलं आणि हाणला. चेंडू उडाला तो समोरच्या शटरवर. हे खूश, पण डोळ्यांत टचकन पाणी. मग आत फोम वाढवला; चेंडू मलूल. फोम कमी केला, पुन्हा कळ. पुन्हा उसवलं, पुन्हा भरलं. "अजून एक," "अजून एक." शेवटी पॅड सोडून बघते तर नडग्या सुजलेल्या. मला मेलं रडूच आलं. स्टिक दिली फेकून.

"रडतेस काय?" हे म्हणाले. "एवढं सोसता येतं माणसाला. तिलाही येईल." आणि शिवायला बसले.

रविवारी मैदानावर हे पाठ फिरवून बसले. "तूच बघ आणि सांग." मी सांगत होते, "आला... अडवला... गेला लांब!" चेंडू पॅडवर टाणकन आदळायचा आणि असा फेकला जायचा, की समोरच्या मुली धावून धावून दमल्या. संपत आलं होतं, तेवढ्यात एकीने अगदी जवळून हाणला. पोरगी पाय धरून खालीच बसली.

मी "अगं आई गं!" म्हटलं मात्र, हे वळले, उठले आणि लंगडत रेघ ओलांडून थेट मैदानात. पंच शिट्ट्या फुंकतोय, लोक ओरडतायत, यांना काही ऐकू येईना.

पोरीने मान वर केली. "बाबा! तुम्ही आत कशाला आलात?" तिने सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं. "व्हा बाहेर आधी! खेळ थांबलाय." आणि स्टिक टेकून उभी राहिली.

हे होते तिथेच थबकले. तिला उचलायला पुढे केलेले हात तसेच राहिले. मग निमूट वळले, माझ्या शेजारी येऊन बसले आणि उरलेला सामना डोळ्यांनी बघितला.

बाईंनी गोलकीपर म्हणून तिचंच नाव घेतलं. घरी जाताना मी एकीकडे हसत होते, एकीकडे पदराने डोळे पुसत होते. आणि हे वाटेत भेटेल त्याला थांबवत होते. चहावाला झाला, किराणावाला झाला, ओळख नसलेला एक सायकलवालासुद्धा सोडला नाही. निवडीचं राहिलं बाजूला. "पोरीने हाकललं मला मैदानातून," एवढंच सांगायचे आणि छाती फुगवून पुढच्याला गाठायचे.