मायचे पाय उघडे पडले

नवरा वारल्यापासून मी तळ्यातल्या देवीपुढे, मायपुढे, हात जोडायची, पण मागत काही नव्हते. मागून काय होतं ते पाहिलं होतं. आम्ही ढिवर, तळ्यात जाळी टाकणारे. नवरा मात्र कोळशाच्या खाणीत कामाला लागला. ती खाण आमच्या तळ्याच्या खालीच. पुढे बंद झाली आणि पाण्याने भरली. तिला लागून असलेल्या खाणीत आता माझा दिनेश उतरतो. दोन्हींच्या मध्ये कोळशाची जाड भिंत राखली आहे, असं नकाशा सांगतो. पण नवरा एकदा पिऊन बोलला होता, "शेवटी शेवटी आमी त्या भिंतीतलाही कोळसा काढला. नकाशात नाई तो." हे मी कोणाला सांगितलं नाही. मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं?

मागच्या मार्गशीर्षात एका सकाळी तळ्यात उभ्या मायच्या मूर्तीचे पाय पाण्याबाहेर दिसले. एरवी ते भर उन्हाळ्यातच दिसतात. बायका हळदकुंकू घेऊन धावल्या.

"मायनं दर्शन देलं वं बाई!" शेजारीण म्हणाली.

"पाय दिसले म्हणजे पानी गेलं. गेलं कुठी?"

"तुले तं देवीचंही चांगलं पाहवत नाई."

तळ्याचं पाणी खालच्या जुन्या खाणीत उतरत असेल, तर त्याचा रेटा त्या पोखरलेल्या भिंतीवरच येणार. मी ओल्या लुगड्यानेच दिनेशच्या खाणीवर गेले. तो सकाळच्या पाळीला खाली होता. फाटकावरचा शिपाई हसला, "काऊन आजी, पोराचा डब्बा राह्यला काय?"

तेवढ्यात खाणीच्या मोजणी खात्यातली एक नवी पोरगी स्कूटीवरून उतरली. ओळख ना पाळख. "काय झालं, आजी?" एवढंच तिने विचारलं आणि माझ्या तोंडून सगळं निघालं, नवऱ्याचं पापसुद्धा. ती हसली नाही. तिने मॅनेजरला गाठलं, खाली फोन लावला, काम थांबवलं, माणसं वर बोलावली.

दिनेश काळ्या तोंडाने वर आला. "आई, तुनं तं मॅनेजरलेच कामाले लावलं!" मी त्याला सगळ्यांसमोर एक चापट मारली आणि मग हसतच सुटले.

नंतर त्यांनी भिंतीत लांब भोक पाडून पाहिलं. नकाशाप्रमाणे अजून बराच कोळसा लागायला हवा होता. लागलं पाणी. भोकाला आधीच झडप बसवली होती, म्हणून ते आवरलं. महिनोन्महिने पंप चालले, जुन्या खाणीतलं पाणी उपसलं. आता दिनेशच्या खाणीच्या बाजूला कोळशाची नवी रुंद भिंत राखली आहे, तिला कोणी हात लावत नाही. त्या पाळीतला एकही माणूस गेला नाही. एकही नाही!

तळ्याच्या तळाला भेग पडली होती, तीही बुजवली. पावसाळ्यात तळं भरलं. शेजारीण आता मलाच विचारते, माय परत कधी दर्शन देईल. मी म्हणते, न देवो. नवऱ्याची अब्रू मी इतकी वर्षं मुठीत धरून बसले होते. ती सोडली, तेव्हा पोरगा हाती आला. सोडायचं कसं ते मायने स्वतःचं पाणी सोडून शिकवलं. आता मी रोज सकाळी काठावर जाते, पाय पाण्याखाली आहेत एवढं बघते आणि हात जोडते.