समुद्रावरची कानबाई

त्या वर्षी मी कानबाईशी भांडले होते, हे आधीच सांगून टाकते. भक्तीच्या गोष्टीत असं लिहू नये म्हणतात, पण खोटं लिहून देवी फसणार आहे थोडीच. आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. हळदीकुंकू लावलेला, लाल खणात गुंडाळलेला, नथ घातलेला नारळ म्हणजे आमची आई. तिचा रोट, म्हणजे नैवेद्याची पुरणपोळी, फक्त भाऊबंदांनी खायची, परक्याला द्यायची नाही. शहाद्याजवळच्या आमच्या घरात तीस वर्षं मी माझ्या हातांनी तिला बसवली. मालक गेले आणि ती धाकट्या दिरांकडे गेली.

माझ्या मुलानं ऑस्ट्रेलियातल्या मुलीशी लग्न केलं. केट तिचं नाव. दोन वर्षांपूर्वी ती नातीला घेऊन श्रावणात घरी आली आणि रोटाच्या पंगतीत बसली. दीर म्हणाले, "वहिनी, परकी पोर शे, तिले उठाडा." केटला शब्द कळले नाहीत, पण नजर कळली. ती आपली आपण उठली, पाठोपाठ नातही उठली. मी गप्प बसले. दिरांचा राग आलाच, पण जास्त राग आला तो देवीचा. तुझ्यासमोर हे झालं आणि तू नुसती नारळासारखी बसून राहिलीस, असं मी तिला म्हणाले.

पुढच्या श्रावणात मी मुलाकडे डार्विनला गेले. केटच्या वडिलांची शिडाची बोट होती आणि ती लहानपणापासून समुद्रावर वाढलेली. सुट्टीत चौघांनी बोटीनं तिमोर बेटावर कुपांगला जायचं ठरलं, वाटेत रविवार येत होता. मी म्हटलं, मग कानबाई बोटीवर बसेल. फोनवर दीर म्हणाले, "वहिनी, कानबाई समुद्र वलांडस नही."

"तिले येवानं व्हई ते ती यी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नाकानं कांदे सोलणाऱ्यांशी किती बोलायचं?

तोंडानं असं बोलले, तरी पोटात भीती होतीच. पहिले दोन दिवस मी उलट्यांनी अर्धी झाले. रविवारी पातेल्यात गहू भरून त्यात नारळ घट्ट रोवला आणि पातेलं ओढणीनं बांधून ठेवलं. शेगडी पाळण्यासारखी झुलत होती. केटनं एका हातानं कठडा धरून दुसऱ्या हातानं पोळ्या लाटल्या. वेड्यावाकड्या झाल्या, पण पुरण बाहेर आलं नाही.

सोमवारी सकाळी वारा पडला. बेट समोर दिसत होतं. मुलगा इंजिन सुरू करायला गेला तर डिझेलमध्ये पाणी शिरलेलं. मुलगा हळूच म्हणाला, "माय, तठे खडक शेतस. पानी आपले तिकडेच लई जाई ऱ्हायनं." रेडिओवर कुणी उत्तर देईना. केट एकसारखी शिडाची दोरी ओढत होती, तिचे हात सोलले होते. दिरांचे शब्द तेव्हा मला विंचवासारखे डसले. नात माझ्या कुशीत होती.

मी आत जाऊन कानबाईसमोर उभी राहिले. हात जोडले नाहीत. म्हटलं, "राग असेल तर माझ्यावर काढ. पण त्या पोरीच्या हातानं तू बाटलीस, असं सांगू नकोस. मी ऐकणार नाही. आता तुझं तू बघ." मग नथ काढून घेतली, विसर्जनाची वेळ झालीच होती. नारळ बाहेर आणून केटच्या हातात दिला. "तू सोड," म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी तो पाण्यावर ठेवला. लाल खण लांब लांब जात दिसेनासा झाला.

तासाभरानं खडकांच्या बाजूनं एक लहान मोटारबोट आली. त्यात एक म्हातारा कोळी होता आणि त्याच्या मांडीवर आमची कानबाई. ती त्याच्या जाळ्यापाशी वाहत आली होती. नटवलेला नारळ कुणाचा, हे बघायला तो प्रवाहाच्या उलट्या दिशेनं निघाला आणि त्याला आम्ही दिसलो. हे कसं झालं ते मी सांगत बसत नाही. मुलगा म्हणतो प्रवाह होता. असेल, मला काय त्याचं?

त्यानं दोर बांधून आम्हाला ओढत नेलं. दुपारी कुपांगच्या धक्क्याला लागलो. उन्हात मासळीचा वास आणि केळीच्या घडांचे ढीग पाहून मला रडू फुटलं. म्हातारा घरी निघाला, तसा मी त्याचा हात धरला आणि धक्क्यावरच पंगत मांडली. मी, मुलगा, नात, मध्ये केट आणि तिच्याशेजारी तो. पाचही जणांना माझ्या हातानं, बोटीवर राखून ठेवलेला रोट वाढला. केट पोळीकडे बघत राहिली. म्हटलं, "खा, आता कोणी उठवत नाही." तिनं पहिला घास घेतला, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. "रोट कोणी खादा?"

"घरना लोकेस्नी," मी म्हटलं.

"कितला जन?"

"पाच."

त्यांनी मनात मोजलं असणार, बोटीवर तर आम्ही चौघंच होतो. मी फोन ठेवला.

आई, तू आम्हाला तारलंस, त्याचं ऋण या देहाचं आहे. तू नेशील तिथं मी डोळे मिटून येईन. पण शरण मी तुला आहे, भाऊबंदांना नाही. यंदा कानबाई माझ्याच घरी बसणार आहे आणि पोळ्या केट लाटणार आहे. दिरांनाही बोलावलं आहे. ते आले तर त्यांना मी केटच्या शेजारी बसवणार आहे.