निळ्या दोरीचं खोकं

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. माणूस जातो आणि किस्सा मागे राहतो. त्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे तो कितीही वर्षं राहिला तरी कोणी हटकत नाही. माझ्याकडे असे पुष्कळ साठलेत. शुक्रवारी चहाबरोबर एकेक निघतो.

मी अनंत. इथे आखातात, हूऱ्यात एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर बसतो. माझ्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, रिटर्न तिकीटवाली आणि वन-वेवाली. रिटर्नवाले भाव करतात, खिडकीची सीट मागतात, डोकं खातात. वन-वेवाला बहुतेक वेळा स्वतः येतच नाही. त्याचे कागद संपलेले असतात, तो कुठल्या तरी चेकिंगमध्ये सापडलेला असतो, आणि त्याचं तिकीट काढायला कोणी तरी गाववाला येतो. तो हळू बोलतो आणि भाव करत नाही.

आमच्या शेजारी कार्गोचं दुकान आहे, इथली खोकी गावी पोचवणारं. तिथे पॅकिंगला होते हसनभाई. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाली की मी, हसनभाई आणि सलमाबादला राहणारा दत्ता ड्रायव्हर असे तिघं त्या खोक्यांवरच बसायचो. तिघंही रत्नागिरीकडचे, एकाच खाडीचे. हसनभाई अलीकडच्या काठावरच्या मोहल्ल्यातले, दत्ता पलीकडच्या वाडीतला आणि मी जरा वरच्या अंगाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. हसनभाईंचे स्वतःचे कागदही संपलेले होते. ज्या कंपनीच्या व्हिसावर आले ती कधीच बंद पडली, मालक निघून गेला आणि हसनभाई राहिले. दहा-अकरा वर्षं घर पाहिलं नव्हतं. गेले तर परत येता येणार नाही, एवढं पक्कं. तिकडे रुकय्याभाभी एकट्या. विषय निघाला की हसनभाईंचं एकच वाक्य असायचं, "अनंता, माझं काढशील तवा रिटर्नच काढ. वन-वेवर मी जायचा नाय."

*

आमच्या खोक्यांची सुरुवात तुकारामपासून झाली.

तुकाराम सलमाबादला प्लास्टरचं काम करायचा. एका सकाळी टोमॅटो आणायला खाली उतरला तो थेट चेकिंगच्या गाडीत. पायात स्लीपर, हातात पिशवी. दुपारी त्याचा दत्ताला फोन आला. आम्हाला वाटलं रडेल, वकील बघा म्हणेल. तर म्हणाला, "दत्ता, मी डाळ भिजत घातलीय रे. वास सुटला तर रूममधले बोंबलतील."

परत पाठवण्याआधी जिथे ठेवतात तिथे माणसाचं सामान नेऊन देता येतं. आम्ही त्याच्या रूमवर गेलो. इतक्या वर्षांचा संसार एका पिशवीत मावला, वर जागा उरली. हसनभाईंनी ती पिशवी पाहिली आणि म्हणाले, "असा पाठवायचा नाय."

त्यांनी दुकानातून नवं खोकं काढलं. दत्ताने दुधाची पावडर आणि बदाम आणले, मी साबण आणि अत्तर, कोणी पोरांसाठी चॉकलेटं दिली. सगळ्यात वर जाड ब्लँकेट. मग हसनभाईंनी निळ्या नायलॉनच्या दोरीने ते आवळलं आणि वर त्यांची ती गाठ मारली. त्यांच्या घराण्यात सगळे बोटीवरचे खलाशी, त्यांच्याकडून आलेली गाठ. हाताला धरायला मधोमध एक कडी आणि चारी बाजूंनी वेढे. आमच्यातल्या कोणाला ती कधी जमली नाही.

"घरी कळता नये," हसनभाई म्हणाले. "रजेवर आलाय असंच वाटलं पायजे."

खोकं द्यायला गेलो तेव्हा तुकारामने कडी धरून ते उचलून पाहिलं. मग विचारलं, "डाळीचं काय केलंत?"

"खाल्ली," दत्ता म्हणाला. "मीठ कमी होतं."

"भिजवताना मीठ घालतात होय, गाढवा," तुकाराम म्हणाला आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.

*

तिथून रिवाजच पडला. खाडीच्या दोन्ही काठांवरचा कोणीही पकडला गेला की मी तिकीट बघायचो, दत्ता गाडी आणायचा आणि हसनभाई खोकं बांधायचे.

झल्लाकच्या एका रिसॉर्टवर बागकाम करणारा बाबू होता. व्हिसा एकाच्या नावावर, काम दुसऱ्याकडे. सापडला. त्याचं खोकं इतकं झकास बांधलं होतं की दत्ता म्हणाला, "मलाच पकडून द्या आता."

गावात बाबूचं स्वागत जोरात झालं. दोन महिन्यांनी त्याचा मला फोन आला. "अनंतभाऊ, रजा महिनाभर वाढवून मिळाली असं सांगितलंय घरात."

बरं म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन, पुन्हा रजा वाढली. त्याच्या पुढच्या महिन्यात परत तेच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बाबू, किती वाढवशील? सांगून टाक ना बायकोला."

बाबू म्हणाला, "कसं सांगू? ती म्हणते, एवढी रजा देणारी कंपनी अजिबात सोडू नका."

आम्ही तेव्हा पोट धरून हसलो. आता तो किस्सा सांगताना मी जरा थांबतो.

*

माझी मुलगी सई इथल्याच शाळेत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिला हिस्ट्रीचा प्रोजेक्ट मिळाला, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेने लोकांना परत कसं पाठवलं. घरी वायफाय बंद, म्हणून लॅपटॉप घेऊन शुक्रवारी कार्गोच्या दुकानात येऊन बसली आणि मी विचारलं म्हणून सांगायला लागली.

बोटीने आलेल्यांना बंदरावरच डॉक्टर तपासायचे म्हणे. संशय आला की कोटावर खडूने खूण. हा माणूस इथे पोटापुरतं कमावणार नाही असं साहेबाला वाटलं तरी परत. चिनी मजुरांना तर दार आधीच बंद केलेलं, पुढे आपल्याकडच्यांनाही. आणि जे आत शिरून मग पकडले गेले त्यांना गोळा करत एक आगगाडी देशभर फिरायची, खिडक्यांना गज लावलेली, ती थेट बंदराकडे.

मला माझ्या धंद्याचं सुचलं. "त्यांचं परतीचं तिकीट कोण काढायचं गं?"

"शिपिंग कंपनी, पप्पा. बंदरावरून परत पाठवलेल्यांना दे हॅड टू टेक देम बॅक. फ्री."

मला त्या कंपनीच्या काउंटरवाल्याची दया आली. हसनभाई खोक्याला टेप लावता लावता ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आणि त्यांची खोकी कोण भरायचा?"

सईने स्क्रीन वर-खाली करून पाहिली. "अंकल, इट डझन्ट से."

हसनभाईंनी टेप खाली ठेवली. म्हणाले, "माझे पणजोबा त्यातलेच." इतक्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते.

पणजोबा गोऱ्यांच्या जहाजावर खलाशी होते. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले आणि जहाजावर परत गेलेच नाहीत. काही महिने कुठल्याशा हॉटेलात भांडी घासली. मग पकडले गेले आणि दुसऱ्या जहाजावर घालून परत रवाना. मोहल्ल्यात येऊन त्यांनी सांगितलं, अमेरिकेचा तांदूळ बरोबर नाही, म्हणून आलो. आणि हात रिकामे का, तर ट्रंक वाटेत चोरीला गेली.

"मग ती ट्रंक वाढायला लागली," हसनभाई म्हणाले. "पयल्या वर्षी तिच्यात दोन शर्ट न् एक घड्याळ. मग घड्याळ सोन्याचं झालं. म्हातारपणी तर ग्रामोफोन होता तिच्यात. पोरं दारात येऊन विचारायची, दादा, आज ट्रंकेत काय?"

सई हसली. आम्हीही हसलो.

"आणि तुमची पणजी?" दत्ताने विचारलं.

"तिने कधीच काय विचारलं नाय म्हणतात."

हसनभाईंनी टेप उचलली आणि कामाला लागले. माणूस रिकाम्या हाताने पाठवायचा नाही हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते मला त्या दिवशी कळलं. सईला प्रोजेक्टमध्ये चांगले मार्क पडले. ट्रंक तिने त्यात घातली नाही. सोर्स नाही म्हणाली.

*

मग दत्ताची रजा आली. खरीखुरी रजा, कागद चोख, रिटर्न तिकीट मी स्वतः काढलेलं. हसनभाईंना एवढा आनंद झाला की त्याचंही खोकं त्यांनीच बांधलं. तीच निळी दोरी, तीच गाठ.

रजा संपवून दत्ता आला तो तोंड पाडून.

"काय झालं रे?"

"काय व्हायचं राहिलंय? लाँचमधून खोकं उतरवलं आणि धक्क्यावरच्या बायका गप्प झाल्या. घरी पोचलो तर बाबा खोक्याकडे बघून मागच्या दारी निघून गेले. बायको खोकं उघडेना. शेजारणी येऊन तिच्याजवळ बसल्या, कोणी गेल्यासारख्या. संध्याकाळी बाबा म्हणाले, वरचं शेत तुझ्या नावावर करतो, आता मन लावून कर."

"अरे, मग तिकीट दाखवायचंस," मी म्हटलं.

"दाखवलं ना. बाबा म्हणाले, हो हो, बाबूपण म्हणतो त्याच्याकडे आहे."

दत्ताच पुढे म्हणाला, "दोन्ही काठांना माहीत आहे, हसनभाई. निळ्या दोरीचं खोकं आलं की माणूस परत जायचा नाही. कोणी विचारत नाही. त्या घरात नुसती मासळी पाठवतात, तांदूळ पाठवतात."

हसनभाई खोक्यावर बसले. "तुकारामच्या घरी पण कळलं?"

"सगळ्यांच्या."

"बाबूची बायको?"

"तिला पहिल्या दिवसापासून. कंपनी सोडू नका म्हणायची ती बाबूला बरं वाटावं म्हणून."

मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं आम्ही तिघं त्या बायकांना फसवतोय असं समजत होतो, आणि त्या सगळ्याजणी आमच्या माणसांना सांभाळून घेत होत्या. हसनभाई तर त्या दिवशी चहा तसाच ठेवून उठले. निघताना दत्ता म्हणाला, "राग मानू नका. पण माझ्या खोक्याला पुन्हा हात लावू नका."

*

त्यानंतर कागद नसलेल्यांसाठी मुदत निघाली. या मुदतीत जो आपणहून जाईल त्याला दंड नाही, पकडापकडी नाही. माझ्या काउंटरवर वन-वेची रांग लागली. हसनभाई मात्र हूं की चूं करेनात.

"हसनभाई, अशी संधी पुन्हा नाही," दत्ता म्हणायचा.

"इंशाल्ला बघू," हसनभाई म्हणायचे आणि दुसऱ्यांची खोकी बांधायचे. आता टेपने. दोरीला त्यांनी हात लावला नव्हता. पूर्वी निदान रजेवर आलो असं घरी सांगता तरी आलं असतं. आता तेही राहिलं नव्हतं, आणि पणजोबांसारखं ओट्यावर बसून ट्रंकेच्या गोष्टी सांगायला ते घाबरत होते. मला ते दिसत होतं. मुदत संपत आली तशी माझीच झोप उडाली.

मग एके दिवशी काउंटरवर फोन आला.

"तिकीटवाले अनंतभाऊ काय? मी रुकय्या बोलते. हसनच्या घरातून."

मी उभाच राहिलो. "बोला भाभी."

"त्यांना माझा एक निरोप द्या. माझं फोनवर ते ऐकत नाय, विषय बदलतात. त्यांना सांगा, लाँच आली की मी धक्क्यावर जाते. इतकी वर्षं जाते. त्यांनी बांधलेली निळी दोरी येते न् दुसऱ्याच्या घरात जाते. आता एक आमच्या घरात येवं द्या."

मी काउंटर सोडून तसाच शेजारी गेलो आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला. हसनभाईंनी ऐकून घेतलं. हातातलं खोकं पुरं केलं, वर पत्ता लिहिला. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून निळ्या दोरीचं बंडल काढलं.

"अनंता," म्हणाले, "वन-वे काढ."

त्यांच्या खोक्यात काय होतं ते आम्हाला ठाऊक नाही. ते त्यांनी एकट्याने भरलं. दत्ताने एअरपोर्टवर सोडलं, मी बरोबर होतो. काउंटरवरची मुलगी खोकं बघून म्हणाली, "अंकल, रोप नॉट अलाउड. टेप ओन्ली." नवा नियम आहे. दत्ता कात्री शोधायला लागला. हसनभाईंनी त्याला थांबवलं, खाली फरशीवर बसले आणि ती गाठ बोटांनी सोडवायला लागले. मागे रांग वाढत होती. कोणी तरी "यल्ला, यल्ला" करत घाई केली. हसनभाईंनी दोरीची नीट गुंडाळी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि खोक्याला टेप लावून घेतली.

परतताना गाडीत दत्ता एवढंच म्हणाला, "खलास."

चार-पाच दिवसांनी भाभींचा फोन आला. मी विचारलं, "पोचले ना व्यवस्थित?"

"पोचले."

"आणि खोकं? उघडलंत?"

"टेप लावलेलं आणलं होतं. मी घरात घेवं दिलं नाय," भाभी म्हणाल्या. "त्यांना अंगणात बसवलं. खिशातली दोरी काढायला लावली, बांधायला लावली. सगळा मोहल्ला बघत होता. मग ती गाठ मी सोडली."