माझेच दोन नियम

आपलं हसं आपणच कसं करून घ्यावं, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या. फी नाही, वर चहा मिळेल.

लॉकडाऊनमधली गोष्ट. मी हॉलंडमध्ये, रॉटरडॅमजवळ कापेलला राहतो. तिथे आमची युनिटेरियन मंडळी आहे, म्हणजे कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं, मेणबत्ती लावावी, मनातलं बोलावं, अशी रविवारची सभा. तेव्हा ती झूमवर भरायची. मंडळींनी ठरवलं, वंशभेदाविरुद्ध नुसतं बोलायचं नाही, सगळ्यांनी मिळून शपथ घ्यायची. मग नियम कोण लिहिणार? मी! वीस वर्षं 'तू मूळचा कुठला?' ऐकून कान किटले होते ना माझे!

मी दोन नियम केले. एक, नव्या माणसाला पहिल्याच भेटीत तो कुठला, कोणातला, असलं विचारायचं नाही. दोन, कुणी आपल्या भाषेत बोललं तर लगेच सगळ्यांसाठी भाषांतर करायचं, कुणाला परकं वाटू नये म्हणून. सभेच्या प्रमुख आनेमीकबाईंनी तर डोळे पुसले. मीही जरा फुगलो, खोटं कशाला बोलू?

शपथेच्या रविवारी ब्रेडा गावाहून एक नवा मुलगा झूमवर आला. नाव प्रशांत. पडद्यावर माझं नाव बघून चक्क मराठीत म्हणाला, "नमस्कार काका!" महिनोन्‌महिने घरात कोंडलेला मी, पाघळलोच.

"अरे वा, आपला माणूस! प्रशांत काय? पूर्ण नाव?"

"प्रशांतच, काका."

"हो रे, पण आडनाव?"

"प्रशांत पुरे आहे की."

"बरं, गाव कुठलं?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे? कुठल्या भागात?"

त्याचं हसू मावळलं. तेवढ्यात आनेमीकबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती छान गप्पा! नियम दोन. भाषांतर, प्लीज!"

"काही नाही, आडनाव विचारत होतो त्याचं."

"ते कशाला?"

कशाला, ते मला माहीत होतं. प्रशांतलाही माहीत होतं. आडनावावरून जात काढायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? सगळ्या चौकटी माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगतो, लाज वाटली. मग मी काय केलं असेल? तोंड अर्धवट उघडं ठेवून तसाच बसलो. नेट अडकलंय असं वाटावं म्हणून!

"काका," प्रशांत शांतपणे मराठीत म्हणाला, "तुम्ही फ्रीझ झालात, पण मागे काकू पोळ्या लाटतायत."

"भाषांतर, प्लीज," आनेमीकबाई म्हणाल्या.

त्याने केलं. पोळ्यांचं केलं, आडनावाचंही केलं, काहीही न लपवता. कुणी ओरडलं नाही, ते जास्त लागलं. मी माफी मागितली. पण मनात म्हटलं, गेला हा, आता परत येत नाही. ज्याला परकं वाटू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याला मीच हाकललं!

आला की! पुढच्याच रविवारी आला आणि नियमांच्या कमिटीतही बसला. आडनाव त्याने माझ्या पहिल्या नियमात घातलं आणि तिसरा नियम नवा केला. दर रविवारी तो मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आहे: 'उत्तर द्यायची वेळ आली की फ्रीझ होऊ नये.'